कणसरी सिंफनी आणि मामाचा तारपा

७ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. तरी अक्षर नीट काढतोय, कारण मोठ्या माणसांच्या वह्या नंतर कुठेतरी सापडतातच.

काल मोबाइलवर एक कॉन्सर्ट पाहिली. कुठल्यातरी थंड देशातला हॉल, काळे कोट घातलेला भलामोठा ऑर्केस्ट्रा. रचना हल्लीच लिहिलेली. सुरुवातीला मध्ययुगातल्या युरोपच्या मठांतलं गाणं. एकजण खाली एकच सूर धरून बसतो आणि बाकीचे त्याच्यावर हिंडतात. मग हळूच आशिया आत शिरतो. जावाच्या काशाच्या घंटा, आपला तानपुरा, आणि शेवटी चीनचं एक वाद्य. वाळका भोपळा आणि त्याला बांबूच्या नळ्या. मी ताडकन उठून बसलो. हा तर आमचा तारपा, चैत्यामामाकडे चुलीच्या वर टांगलेला असतो!

म्हणजे तो संगीतकार तिथे बसून जे शोधतोय ते माझ्या आजोळी आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं. सुचलंच होतं, लिहून ठेवलं नव्हतं इतकंच.

ऑक्टोबरात शाळेचा रौप्यमहोत्सव आहे. संगीत शिक्षक म्हणून माझ्याकडून स्वागतगीताची अपेक्षा आहे. यंदा स्वागतगीत नाही. यंदा सिंफनी. मध्ययुगीन युरोप आणि तलासरीचे डोंगर एका स्टेजवर. जगात कुणी केलेलं नाही. (चेक करायचं.)

८ सप्टेंबर

ठरल्याप्रमाणे पहाटे पाचला उठून रियाज. उठलो तेव्हा निलम डबा घेऊन कामाला निघाली होती. निलम म्हणजे माझी बायको, फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला असते. तिला सिंफनीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, सिलिंडर संपत आलाय, नंबर लाव. कलावंताच्या घरी हे चालायचंच. नंबर लावायचा राहिला.

१० सप्टेंबर

नाव ठरलं: ‘कणसरी सिंफनी’. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी, त्यामुळे मुख्याध्यापिका बाई नाही म्हणू शकणार नाहीत. चार भाग. पहिला, मठातली पहाट. दुसरा, भातलावणी. तिसरा, युरोप आणि मामाकडचं उधवा गाव यांचा संवाद. चौथा अजून सुचायचाय, पण तो सगळ्यात भव्य असेल.

ऑर्केस्ट्रा: शाळेचा बँड, आठवीचा क्लास ‘आ’ लावायला, दीपेशचा कीबोर्ड. दीपेश डहाणू रोडला साउंड सर्व्हिस चालवतो. त्याने विचारलं, मध्ययुगीन म्हणजे कोणती पट्टी. मी म्हटलं, पट्टीच्या पलीकडचं. तो म्हणाला, चालेल, पण नवरात्रात मी गरब्याला बुक आहे.

बाईंनी आठ मिनिटं दिली. मी चाळीस मागितली होती. वाटाघाटी चालू आहेत, म्हणजे मी मनात करतोय.

१४ सप्टेंबर, रविवार

बाइकवर पाड्यावर जाऊन आलो. उधव्याच्या पुढे रस्ता धुऊन गेलाय. डोंगरावर भाताच्या लोंब्या पिवळ्या पडायला लागल्यात.

मामाने तारपा चटकन दिला नाही. साहजिक आहे. आमच्यात नवं खाल्ल्याशिवाय, म्हणजे नव्या भाताचा पहिला घास देवीला दाखवून खाल्ल्याशिवाय तारपा फुंकत नाहीत. नवं झालं की नाच. पाड्यात वाजवणारा मामा एकटाच. रघ्या, म्हणजे मामाचा मुलगा, उंबरगावला कंपनीत जातो आणि त्याला शिकायचंच नव्हतं. गेल्या पावसात मामाला दमा लागला. सरकारी दवाखान्यातून पंप मिळालाय. डॉक्टर म्हणाले, यंदा जेवढं फुंकायचं तेवढं फुंकून घे, पुढच्या वर्षी नाव काढायचं नाही. मामा हे सांगताना हसत होता. डॉक्टर लोक वाढवून सांगतात.

मी म्हटलं, मामा, दोन दिवस दे, बुधवारी आणून देतो, फक्त बघायचाय, फुंकायचा नाही. मामा म्हणाला, “भाचा मागतोय, त्याला नाय कसा म्हणू?” मग बुधीमामीने चुलीवरून काढून दिला. भुईवर ठेवू नको, उन्हात ठेवू नको, मेण जपायचं, उंदीर जपायचे. मी सगळ्याला हो म्हटलं.

येताना पाठीला बांधून आणला. तलासरी नाक्यावर दोघांनी विचारलं, काय रे, नाच कुठे? अभिमान वाटला.

१५ सप्टेंबर, दुपारी

फुंकून पाहिला.

वाजला नाही, त्यामुळे नियम मोडला असं म्हणता येणार नाही. नियम वाजवण्याबद्दल आहे. मी नुसती हवा घातली.

१६ सप्टेंबर

तारप्यात श्वास तुटता कामा नये. नाकाने आत, गालांतून बाहेर, अखंड. निलमने कारखान्यातले रिजेक्ट फुगे आणून दिले, त्यांवर सराव चालू. गाल दुखतात. दोन फुगे फुगले, एक तोंडावर फुटला. शेजारच्यांनी विचारलं, बर्थडे कुणाचा.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज तारपा परत द्यायचा दिवस. पण शाळेत घटक चाचणी. शिवाय मी ‘दोन दिवस’ म्हटलं तेव्हा कामाचे दोन दिवस असा अर्थ होता. मामाला तो कळला असणार.

१९ सप्टेंबर

वाजला! एकच सूर, म्हशीने लांबून हाक मारावी तसा. अपघाताने वाजला, मी वाजवला नाही. तरी हात जोडून कणसरीची माफी मागितली, म्हणजे दोन्ही बाजूंनी ठीक.

निलमने विचारलं, मामाला कळवलंस का, की अजून दोन दिवस लागतील. मी म्हटलं, कळवतो.

२० सप्टेंबर, शनिवार

दीपेशकडे गेलो. त्याने कीबोर्ड लावून तारप्याचा सूर पाहिला. म्हणाला, हा पांढऱ्या आणि काळ्या पट्टीच्या मधे कुठेतरी बसलाय, माझ्या कीबोर्डवर ही जागाच नाही. मग म्हणाला, तू रेकॉर्ड करून दे, मी कॉम्प्युटरवर सरकवतो. मी नाही म्हटलं. मशीनने सूर सरकवणं म्हणजे बनवाबनवी. मी खरा कलावंत आहे. मी वाद्यच सरकवणार.

मामा पिढ्यान् पिढ्या चुकीच्या पट्टीत वाजवत आलाय आणि त्याला कुणी सांगितलं नाही. मी हे काम त्याच्यासाठीही करतोय. जुना तारपा घेतला, इंटरनॅशनल करून परत दिला. खूश होईल.

२१ सप्टेंबर, रविवार

काम केलं. स्क्रू ड्रायव्हर गॅसवर तापवून बोटांची दोन भोकं थोडी मोठी केली. जळक्या बांबूचा वास आला. निलम कपडे वाळत घालून आत आली आणि म्हणाली, हे मामाला विचारलंस? मी म्हटलं, थोडंसं तर केलंय. ती म्हणाली, विचारलंस का ते सांग.

तिला संगीतातलं कळत नाही.

सूर आता वर गेला आहे. जरा जास्तच. एक भोक उद्या थोडं बुजवायचं.

२४ सप्टेंबर

बुजवण्यासाठी आत बघावं लागलं. आत बघण्यासाठी मेण काढावं लागलं. मेण काढल्यावर नळीतली बांबूची पातळ जीभ बाहेर आली. तिच्यावर धूळ होती म्हणून जुन्या टूथब्रशने हळूच घासली.

ती उभी चिरली.

यात माझी चूक नाही. ती जुनीच होती. कुणाच्याही हातून चिरली असती, माझ्या हातून चिरली हा योगायोग. रात्री जेवलो नाही. म्हणजे निलम झोपल्यावर थोडा भात खाल्ला.

२६ सप्टेंबर

जुन्या एटीएम कार्डाची पट्टी कापून जीभ बनवली. प्लास्टिक ओलं होत नाही, किडत नाही. सुधारणाच म्हणायची. मेणाऐवजी एम-सील लावलं. मेण स्टेजच्या लाइटने वितळतं, मामाला हे माहीत नसणार, त्याने कधी स्टेज पाहिलेलं नाही.

एम-सील सुकलं की दगड होतं. ते पाकिटावर लिहिलेलं होतं. नंतर वाचलं.

२७ सप्टेंबर

फुंकलं. आवाज नाही. पण मला वाजत नाही याचा अर्थ ते वाजत नाही असा होत नाही. मी शिकाऊ आहे. सराईत तोंडाला वाजेल. मामाच्या तोंडाला नक्की वाजेल.

दुसरा तारपा कुठे मिळेल का याची डहाणूत सहज चौकशी केली. दुकानात जे मिळतात ते हॉलमध्ये खिळ्याला लावायचे. खऱ्यासाठी भोपळा वेलीवर लांब वाढवून घ्यावा लागतो, मग वाळवायचा. म्हणजे पुढचं वर्ष. सहजच विचारलं होतं.

२९ सप्टेंबर

मामाचा मिस्ड कॉल. शाळेत होतो. सुट्टीत परत एक. त्या वेळी डबा खात होतो. संध्याकाळी आला तेव्हा मोबाइल हातात होता, नाव दिसत होतं, पण नेटवर्क खराब असेल असं वाटलं.

रघ्याचा मेसेज आहे. डोंगराकडचं भात झालंय, बाबा तुझी वाट बघतोय, कधी येतोस. खाली हात जोडलेला इमोजी. तो इमोजी नसता तर बरं झालं असतं.

‘बिझी, लवकरच’ असं लिहून अंगठा पाठवला.

२ ऑक्टोबर, दसरा

घरातल्या वाद्यांची पूजा. पेटी, तबला, डफ ठेवले. तारपा ठेवू की नको? ठेवला तर देवीसमोर तोंड दाखवल्यासारखं होतं. नाही ठेवला तर लपवल्यासारखं. शेवटी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला. निलमने टॉवेल काढला, एम-सीलवर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, आज दसरा आहे, जा आणि सांगून टाक, मामा काय तुला मारणार आहे का?

मारणार नाही, तीच तर अडचण आहे. मामाने आयुष्यात मला कधी मारलं नाही. मी दहावी नापास झालो तेव्हा घरच्यांनी बोलणं टाकलं होतं. मामा मला घेऊन गेला आणि दिवाळीपर्यंत ठेवून घेतलं. काही विचारलं नाही.

उद्या नक्की सांगतो. निश्चय.

३ ऑक्टोबर

शाळेत रंगीत तालीम. सांगायला वेळ झाला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

निलमने स्वतःच्या मोबाइलवरून मामाला फोन लावला आणि माझ्या कानाला लावला. याला विश्वासघात म्हणतात.

मामाला बोलताना मधे मधे थांबावं लागत होतं. ओरडला नाही. म्हणाला, भात घरात आलंय, पण नवं अजून केलं नाही. तारपा नाही तर नाच नाही, नाच नाही तर नुसतंच काय खायचं? तू आणलास की करू. मग म्हणाला, “तुझं मोठं काम चाललंय ना? आधी तुझं होऊ दे. आमी थांबतू.”

पाड्यातले लोक बोलायला लागलेत, हे मामीने मागून सांगितलं. भाच्याने तारपा विकला म्हणतात. मामा त्यांच्याशी भांडला म्हणे. माझा भाचा मास्तर आहे, असं म्हणाला.

म्हणजे घरात नव्या भाताची रास आहे आणि मामाचं घर रेशनचा तांदूळ खातंय. माझ्यामुळे. मी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मामाला खोकला आला आणि मामीने फोन ठेवला. मी सांगणारच होतो.

प्रायश्चित्त: मामाकडे नवं होईपर्यंत मीही भात खाणार नाही. कडक.

६ ऑक्टोबर

दीपेशने बिर्याणी मागवली. बिर्याणीला भात म्हणत नाहीत.

९ ऑक्टोबर

महोत्सव परवावर आला. बाईंनी आठाची पाच मिनिटं केली, कारण पाहुण्यांना लवकर जायचंय. तिसरा आणि चौथा भाग कापला. चौथा सुचला नव्हताच.

तारप्याचं दीपेशशी बोलून ठरवलं. स्टेजवर तारपा मी धरणार, गाल फुगवणार, बोटं फिरवणार. आवाज दीपेश कीबोर्डवर सनईच्या टोनमधून देणार. याला बनवाबनवी म्हणता येणार नाही, कारण सनईही तोंडानेच वाजवतात.

११ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळी

‘कणसरी सिंफनी’चा पहिला प्रयोग झाला. तपशील लिहून ठेवतो, पुढे लोक विचारतील.

पडदा उघडला. आठवीच्या क्लासने ‘आ’ धरला. मठातली पहाट. पाहुण्यांना वाटलं प्रार्थना आहे, ते उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून बाई उभ्या राहिल्या, बाई राहिल्या म्हणून सगळं सभागृह. मुलं ‘आ’ सोडेनात, कारण मी सांगितलं होतं मी खूण करेपर्यंत सोडायचा नाही. मी खूण करणार कशी, माझे दोन्ही हात तारप्यावर. शेवटी मान हलवली आणि पाहुणे बसले.

मग बँड, मग कीबोर्ड, मग मी. रंग भरत होता. मी डोळे मिटले आणि अगदी मामासारखा कमरेत वाकून डोलायला लागलो. डोळे मिटलेले असल्यामुळे लाइट गेल्याचं मला कळलं नाही. कीबोर्ड बंद पडला. बँड थांबला. मी मात्र गाल फुगवून, बोटं फिरवत, डोलत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. हसण्याचा आवाज आला तेव्हा डोळे उघडले. इमर्जन्सी लाइट नेमका माझ्यावर होता.

आभार मानताना बाई म्हणाल्या, आठवीच्या विद्यार्थ्यांनी सुंदर प्रार्थना सादर केली. सिंफनीतल्या मौनाचा परिणाम लोकांवर झालेला आहे, हे मात्र नक्की. युरोपात यावर लेख लिहिले असते.

१२ ऑक्टोबर, रविवार

कुणीतरी व्हिडिओ टाकला. तलासरीपर्यंत पोचला. रघ्याने फोन केला. तो हसला नाही. म्हणाला, बाबाने पाहिला, बाबाशी बोल.

मामाने पाहिलं ते एवढंच की भाचा स्टेजवर तारपा घेऊन उभा आहे. मग विचारलं, “नवं खायच्या आधी फुंकलास रं?”

मी लगेच सांगून टाकलं. मामा, मी फुंकला नाही, नुसता धरला होता, आवाज कीबोर्डचा होता. मामाला एवढं बरं वाटलं! म्हणाला, मग ठीक आहे, देवी रागावणार नाही. पुन्हा पुन्हा म्हणाला, ठीक आहे.

फार दिवसांनी मामाशी एक खरी गोष्ट बोललो. निलमला हे सांगितलं. ती म्हणाली, बाकीच्या कधी बोलणार? निलमचं नेहमी असंच, अर्धा ग्लास रिकामाच दिसतो.

मामाला शब्द दिला. दिवाळीआधीच्या वाघबारशीला येतो. शुक्रवारी.

१४ ऑक्टोबर

एम-सील खरवडून पाहिलं. भोपळ्याला तडा गेला. खरवडणं थांबवलं. तड्यात फेविक्विक. फेविक्विकवर मेण. मेणात थोडी काजळी मिसळली की अगदी धुराने काळवंडल्यासारखं दिसतं. आजोबांच्या वेळचं वाटतं. मामाला मोतीबिंदू आहे, ही काही वाईट गोष्ट नाही. म्हणजे वाईटच आहे. मला तसं म्हणायचं नव्हतं.

भाषण तयार केलं. ‘मामा, माझ्या हातून चूक झाली.’ आरशासमोर दहा वेळा म्हटलं. आवाज चांगला लागतो.

१६ ऑक्टोबर

भाषणात सुधारणा. ‘मामा, आपल्या हातून चूक झाली.’ हे जास्त जवळिकीचं वाटतं.

किंवा मामा फुंकेल आणि तारपा वाजेलही. मग सांगायची गरजच काय? उगाच म्हाताऱ्या माणसाला त्रास. आधी वाजतो का बघू, नाही वाजला तर लगेच सांगू. हे ठरलं. मन हलकं झालं. रोजनिशीचा फायदा असा.

१८ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी

काल बारशीला पाड्यावर गेलो. निलमला सुट्टी नव्हती. निघताना तिने मला पेढ्यांचा बॉक्स दिला आणि म्हणाली, आधी सांग, मग दे.

आधी पेढे दिले.

सगळा पाडा जमला होता. खळं सारवलेलं. बायका नवी लुगडी नेसून, केसांत फुलं माळून बसल्या होत्या. माझी वाट पाहत होते सगळे. मला पाहून पोरं ओरडली, तारपा आला, तारपा आला! विकला म्हणणारेही पुढे आले, पाणी दिलं. बुधीमामीने माझ्या हातातून तारपा दोन्ही हातांनी घेतला. मेणावरून हात फिरवला आणि म्हणाली, बरा जपलास की.

नवं झालं. देवीला दाखवून पहिलं पान मला वाढलं, भाचा म्हणून. खाल्लं. मामी परत वाढायला आली तेव्हा नको म्हणवलं नाही.

मग मामा उठला. आंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. पंपाने दोनदा औषध ओढलं. पोरं हात कमरेत गुंफून रांगेत उभी राहिली. मामाने तारपा तोंडाला लावला, डोळे मिटले, गाल फुगवले.

फुस्स.

मामाने डोळे उघडले. नळी तोंडात सारखी केली. परत फुंकलं. नुसती हवा. मला वाटलं, आता नळीत बघेल. आता एम-सीलला बोट लागेल. लागावं असंही वाटलं, खरं सांगतो. मामाने तारप्याकडे पाहिलंच नाही. तिसऱ्यांदा एवढ्या जोराने फुंकलं की मानेच्या शिरा टरारल्या. मग खोकला आला तो थांबेना. मामीने पंप दिला, पाठ चोळली. रांगेतली पोरं हात सोडून उभी होती.

खोकला थांबल्यावर मामा खाली बसला आणि म्हणाला, “दम सरला रं माझा. डाक्टर पुढच्या वर्षी म्हणाला होता. यंदाच सरला.”

मामी रडायला लागली. मी पुढे झालो. भाषण तोंडपाठ होतं. ‘मामा,’ एवढं म्हणालोसुद्धा. मामाने माझा हात धरला. त्याला वाटलं मी रडतोय. रडतच होतो. म्हणाला, उशीर झाला म्हणून मनाला लावून घेऊ नको. तू लवकर आणला असतास तरी माझ्यात दम कुठे होता? तुझी काय चूक?

एवढं सगळं म्हाताऱ्याने स्वतःच म्हटल्यावर मधे बोलणं बरं दिसलं नसतं.

रघ्याने उंबरगावहून आणलेला स्पीकर लावला. पोरं नाचली. मलाही ओढलं, मीही नाचलो. मामा ओट्यावर बसून हाताने ठेका धरत होता, पण स्पीकरचा ठेका त्याला सापडत नव्हता. मला फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, फार म्हणजे फारच वाईट वाटलं.

निघताना मामाने मला थांबवलं. तारपा टॉवेलमध्ये नीट गुंडाळून माझ्या पाठीला स्वतः बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. म्हणाला, आता माझ्या काय कामाचा? तूच ठेव. आमच्यात आता वाजवणारा तूच एक राहिलास.

मी थँक यू म्हणालो.